दाट दुधाची डिग्री

रंगरावांनी काचेची नळी माझ्या दुधात सोडली. ती दोनदा खालीवर झाली, जरा स्थिरावली आणि मग पार मानेपर्यंत बुडाली. माझ्यामागं किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची कुजबुज एकदम थांबली, त्यावरूनच मला कळलं की आज पुन्हा गडबड आहे.

“सव्वीस,” रंगराव म्हणाले. “वहिनी, ही दुसरी वेळ झाली बरं का. अठ्ठावीसच्या खाली गेलं की पाणी समजायचं, असं वरून आलंय.”

“पण दूध बघा की जरा,” मी म्हटलं. “हलवलं तरी किटलीच्या कडेला चिकटून राहतंय.”

“ते मलाही दिसतंय. पण दिसण्यावर जाऊ नका, असंही वरून आलंय. लोक पीठसुद्धा कालवतात.” रंगराव माझ्या नवऱ्याबरोबर शाळेत होते. माणूस वाईट नव्हता, फक्त ‘वरून’ जे येईल ते त्याला देववाणी. “तिसऱ्यांदा डिग्री कमी लागली तर तुमच्या घरचं दूध बंद करावं लागंल. आणि नाव फळ्यावर. आधीच सांगून ठेवतो.”

तो फळा डेअरीच्या दारातच होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. दोन महिन्यांमागं आमच्या गावचं दूध तालुक्याहून परत आलं होतं, पाणी आहे म्हणून. सगळ्या गावाची नाचक्की झाली. तेव्हापासून रंगराव प्रत्येकाच्या दुधात ती नळी सोडायचे. तिला लॅक्टोमीटर म्हणतात. आमच्याकडं कुणी त्या नावाच्या वाटेला गेलं नाही. ‘डिग्री किती लागली?’ एवढंच विचारायचं. पाण्यात सोडली तर नळी खोल बुडते, दुधात मान वर काढते. म्हणून नळी जितकी बुडेल तितकं पाणी, असा सरळ हिशेब.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. मालक सैन्यात, पठाणकोटला. घरात मी, सासूबाई आणि चांदी. चांदी म्हणजे म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती तेव्हा गाभण होती, दूध कमी होत आलं होतं. पण आमच्या घरात मान तिलाच. दुसरा मान सासूबाईंचा. माझा नंबर त्यानंतर कधीतरी.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी मान वर केली नाही.

“किती लागली?”

“सव्वीस.”

सुपातला हात थांबला. “म्हंजे आजबी पाणी.”

“मी नाही घातलं आत्याबाई.”

“मग मी घातलं?”

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

“हे बघ शालन. धार मी काढती. किटलीला फडकं मी बांधती. गोठ्यातनं किटली तुझ्या हातात जाती आणि तुझ्या हातातनं डेअरीत. दोघींशिवाय तिसरं कोण हाय? आणि वाटंत हापसा हाय. तिथं तू रोज थांबतीस, मला काय कळत न्हाई व्हय?”

“पाय धुते मी तिथं. गोठ्यातलं शेण असतं पायाला.”

“धूत असशील. पण डिग्री खोटं बोलती का मग?” त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “तुला दूध प्यावंसं वाटलं तर माग की माझ्याकडं. मधल्या मधी पिऊन वर पाणी ओतायचं, हे आमच्या घरात झालेलं न्हाई. मी तुझ्या भावाला निरोप धाडलाय. उद्या गुरुवारी येतोय. तवर तिसरी डिग्री चुकली, तर त्याच्यासंगं जा. हणमंता रजेवर आला की त्याला मी सांगीन काय सांगायचं ते.”

भाऊ येणार, दूधचोर बहिणीला घेऊन जाणार, आणि अख्खा गाव ते बघणार. माहेरी वडील नव्हते. दादाचं लग्न नुकतंच झालेलं. तिथं मी कुठल्या तोंडानं राहणार होते? मी चुलीपुढं बसून मनसोक्त रडले. आणि रडून झाल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, ती आली ती गेलीच नाही.

मी पाणी घातलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग आत्याबाईंच्याच हिशेबानं, दोघींतली उरली कोण?

खोटं सांगत नाही, हा संशय मला आधीपासूनच होता. आमच्या घरचं दूध पातळ असायचं. चहाला रंग म्हणून येत नसे. तापवलं तरी वर नखभर साय. आत्याबाई म्हणायच्या, म्हैस गाभण हाय, असंच असतं. पण डेअरीत किटली ओतली की त्यातून दाट, पिवळसर दूध पडायचं. एकाच म्हशीचं दूध घरात पातळ आणि डेअरीत दाट कसं? मला वाटायचं, घरातल्या दुधात आत्याबाई पाणी घालतात, सुनेला पोटभर मिळू नये म्हणून. आता वाटायला लागलं, डेअरीच्या दुधात पाणी घालून वर पीठ कालवत असतील. आणि नाव माझ्यावर.

पण बोलू कुणाला? शेजारणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. आणि माझा स्वभाव लहानपणापासून असा, की एखादी गोष्ट कळली नाही तर मला घास गोड लागत नाही. दहावीत विज्ञानाचे गुरुजी म्हणायचे, ही पोरगी उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त लिहिते. तर मी ठरवलं, ती नळीच घरी आणायची आणि काय भानगड आहे ती आपल्या डोळ्यांनी बघायची.

नळी रंगराव देणार नव्हते. एकच होती, आणि फुटली असती तर वरून काय आलं असतं देव जाणे. पण मी ती रोज बघत होते. खाली फुगीर काचेचं पोट, पोटात वजन, वर बारीक मान. एवढंच तर होतं. आत्याबाई दुपारी मळ्यात गेल्या आणि मी कामाला लागले.

माहेराहून येताना आणलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी शिशी होती. तिच्यात चिमूटचिमूट वाळू घातली. बुचाला खिळ्यानं भोक पाडून त्यात गव्हाचं एक सरळ काड खोचलं आणि मेणबत्ती वितळवून सगळ्या फटी बुजवल्या. लग्नात आहेरात आलेला लस्सीचा उंच पेला होता, तो पाण्यानं भरला आणि शिशी आत सोडली. पहिल्यांदा ती तळाला गेली. वाळू कमी केली, तर आडवी तरंगली. पुन्हा चार कण घातले. असं किती वेळा केलं असेल. शेवटी ती उभी राहिली. शिशी पाण्यात बुडालेली आणि काडाचं टोक तेवढं बाहेर. जिथपर्यंत काड बुडलं होतं तिथं मी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा बांधला.

मग पाण्यात मीठ घातलं. काड हळूहळू वर आलं. दोरा पाण्याच्या वर दोन बोटं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, एकटीच चुलीपुढं हसत बसले. साखर घातली, तरी वर. मग वाटीभर गोडं तेल होतं ते पेल्यात ओतून बघावंसं वाटलं, पण तेल पुरेना. म्हणून पाण्यावर नुसता तेलाचा थेंब टाकला. थेंब वर तरंगत राहिला. हे तर लहान पोरालाही माहीत असतं, पण त्या दिवशी मी तो थेंब पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होते.

संध्याकाळी धार झाली. आत्याबाईंनी गोठ्यातून नेहमीसारखी दोन भांडी आणून ठेवली, घरचा तांब्या आणि डेअरीची किटली, आणि हात धुवायला मागं गेल्या. मी फडकं सोडलं, किटलीतलं दूध पेल्यात घेतलं आणि शिशी सोडली. पाण्यापेक्षा दोरा बराच वर आला. बोटानं मोजून ठेवलं आणि दूध परत किटलीत ओतलं. मग तांब्यातलं, घरचं पातळ दूध घेतलं. मनात म्हटलं, आता काड खाली जाणार आणि आत्याबाईंचं बिंग फुटणार.

काड खाली गेलं नाही. उलट आणखी वर आलं. चांगलं अर्धं बोट.

मी शिशी काढली, पुसली, पुन्हा सोडली. तेच. किटलीतलं पुन्हा घेतलं. ते खाली. मला वाटलं, गरम असेल म्हणून. पेला पाण्याच्या परातीत ठेवून गार केला. काड जरासं वर आलं, पण घरच्या दुधाला गाठेना. म्हणजे माझ्या काडाच्या मतानं, पाण्यासारखं दूध शुद्ध आणि साईसारखं दूध पाण्याचं. मी डोकं धरून बसले. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

“हे काय चाललंय?”

आत्याबाई दारात. त्यांची नजर पेल्यावर, पेल्यातल्या शिशीवर, शिशीतल्या वाळूवर. आणि मग काडाला बांधलेल्या काळ्या दोऱ्यावर.

“करणी करतीस?” त्या मागं सरकल्या. “दुधात? माझ्या चांदीच्या दुधात?”

“नाही हो आत्याबाई, करणी कसली? डिग्री बघतेय.”

“वाळू हाय, काळा दोरा हाय, मेण हाय. मला शिकवू नगंस. कुणी दिलं तुला हे?”

“कुणी नाही. मी केलं. ही गोळ्यांची शिशी बघा, लेबल आहे अजून.” मी शिशी त्यांच्यापुढं धरली, तशा त्या आणखी मागं गेल्या. “आत्याबाई, तुमची शपथ. रंगरावांच्या नळीसारखी केलीय. हे बघा, पाण्यात सोडते. बुडाली ना? आता घरच्या दुधात. वर आली ना? आणि आता किटलीतलं.”

भीती एकीकडं आणि बघायची हौस एकीकडं. आत्याबाई उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हत्या, पण मान मात्र लांब करून बघत होत्या. तिसऱ्या खेपेला काड पुन्हा खाली गेलं तेव्हा त्या नकळत दोन पावलं पुढं आल्या.

“म्हंजे घरचं पास आणि डेअरीचं नापास?”

“तसंच दिसतंय.”

“काय बोलतीस? घरचं तर पातळ हाय.”

“म्हणून तर डोकं चालेना. आत्याबाई, एक विचारू? रागावू नका. घरच्या दुधात तुम्ही पाणी घालता का?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता तोंडात बसणार. पण त्या हळूच खाली बसल्या, पाट न घेताच.

“पाणी न्हाई घालत,” त्या म्हणाल्या. “पयल्या धारा घरात घेती. मागच्या धारा किटलीत. धारंचं दूध सुरवातीला पातळ असतं आणि शेवटाला दाट येतं. सड रिकामा होत आला की नुसतं लोणी. ते मी डेअरीला देती.”

“चांगलं दूध बाहेर आणि पातळ घरात? का?”

आत्याबाईंनी किटलीचं सुटलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “हणमंता तान्हा असताना माझं दूध आटलं. घरात म्हैस नव्हती तवा. एका घरनं रतीब लावला. बाई चांगली गोड बोलायची, माप भरून द्यायची. आणि पोर वाळत चाललं. हाताचं काड झालं त्याच्या. वैदानं एक दिस दूध बोटावर घेऊन बघितलं आणि म्हणाला, हे दूध न्हाई, हे पाणी हाय. तवा मी म्हटलं होतं, माझ्या गोठ्यात कधी म्हैस आली तर घरनं जाईल ते दाटच जाईल. आपलं काय, आपण भाकरी खातो. डेअरीचं दूध कुणाच्या पोराच्या तोंडात जातं, ते आपल्याला कुठं ठावं असतं?”

एक वर्ष मी त्या बाईच्या घरात राहत होते आणि मनात तिला कंजूष म्हणत होते. आणि तरी, खरं सांगते, त्याही वेळी माझं अर्धं चित्त पेल्यातच होतं.

“मग दाट दूध बुडतं कसं?” मी म्हटलं. “म्हणजे, दाट दुधात काड बुडतं कसं? पाण्यात बुडतं ते ठीक. पाणी हलकं. पण हे तर दाट आहे.”

“दाट म्हंजे जड असं कुणी सांगितलं तुला?” आत्याबाई फणकारल्या. “लोणी दाट असतं, ते काय ताकाच्या तळाला जातं का? वर येऊन बसतं. साय कुठं जाती? वरच की.”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो.

“साय हलकी,” मी म्हटलं.

“हलकीच असती. म्हणून तर वर येती.”

“मग ज्या दुधात साय जास्त...”

“...ते दूध हलकं.” आत्याबाईंनी वाक्य पुरं केलं आणि स्वतःच दचकल्या. “अगं बाई. म्हंजे पाणी घातलं तरी दूध हलकं आणि साय जास्त असली तरी हलकं. आणि त्या रंग्याच्या नळीला दोन्ही सारखंच.”

“तिला हलकं-जड एवढंच कळतं. कशामुळं, ते नाही कळत.”

पण नुसतं बोलून भागणार नव्हतं. मी किटलीतलं दूध एका पातेल्यात घेऊन गार पाण्याच्या परातीत ठेवलं, आणि दोघी बरीच रात्र होईपर्यंत त्याच्यावर राखण करत बसलो. वर साय धरली ती आत्याबाईंनी पळीनं अलगद काढली आणि खालचं दूध पेल्यात ओतून म्हणाल्या, “सोड तुझं भूत.” मी शिशी सोडली. दोरा वर आला, घरच्या दुधाच्या जवळ गेला. मग काढलेली साय परत घालून ढवळली. दोरा खाली. आत्याबाई पेल्याशी डोळा लावून बसल्या होत्या. “अजून एकदा,” त्या म्हणाल्या. आम्ही अजून एकदा केलं. मग आणखी एकदा. त्या दिवशी संध्याकाळचं दूध डेअरीला गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी मी किटली उचलायला गेले, तर आत्याबाईंनी जरीकाठाचं लुगडं नेसलेलं. आजवर त्या कधी डेअरीच्या रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या.

“तुम्ही कशाला येताय?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी न्हाई. डिग्री माझ्या म्हशीची हाय.”

एका हातात किटली, एका हातात तांब्या घेऊन त्या पुढं चालल्या. मी माझी शिशी पदराखाली घेऊन मागून. रांगेतल्या बायका बाजूला सरल्या. रंगराव उठून उभे राहिले.

“काकी, तुम्ही?”

“ही नळी आधी ह्या तांब्यात सोड.”

रंगरावांनी सोडली. “बत्तीस. झकास. हे पातळ दूध, आणि बत्तीस?”

“आता किटलीत.”

“पंचवीस.” त्यांनी दुधात बोट बुडवून बघितलं. बोटावर दूध चिकटून राहिलं. “काकी, हे...”

“आता दोन्ही एकत्र कर.”

रंगरावांनी दोन्ही एका बादलीत ओतलं, ढवळलं, नळी सोडली. एकोणतीस लागली. ते माझ्याकडं बघायला लागले, कारण आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या.

“वहिनी, काय प्रकार आहे हा?”

मी सांगितलं. आधी माझी जीभ अडखळत होती. मग शिशी काढून दाखवली, पाण्यातलं आणि तेलाचं सांगितलं, आणि सायीचं. “साय हलकी असते रंगराव. म्हणून ती वर येते. आमच्या आत्याबाई पहिल्या धारा घरात ठेवतात आणि सायीच्या धारा तुम्हाला देतात. चांदी आटत आलीय, त्यामुळं साय आणखी वाढली. जितकं चांगलं दूध दिलं तितकी तुमची नळी बुडाली.”

रंगराव डोकं खाजवत उभे. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडताना दिसत होता. आणि मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, जो मी विचारला नव्हता.

“साय जास्त असली की डिग्री कमी. म्हणजे साय काढून घेतली की डिग्री वाढणार?”

“वाढते. आम्ही करून बघितलं.”

“आणि मग वाढलेल्या डिग्रीत तांब्याभर पाणी घातलं तर?”

“तर बरोबर अठ्ठावीस लागेल,” मी म्हटलं.

रांगेत कुणी पदर सारखा करायला लागलं, कुणाला पोराची आठवण झाली. मागून दोन किटल्या गुपचूप घरी परत गेल्या. त्यांची नावं मी तेव्हाही घेतली नाहीत, आजही घेत नाही. पण ज्यांची डिग्री कधीच चुकत नव्हती, त्यांच्याकडं मी त्या दिवसापासून जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

“तालुक्याला फॅटचं, म्हणजे साय मोजायचं, मशीन आहे,” रंगराव सावरून म्हणाले. “तुमच्या दुधाचा नमुना आजच पाठवतो. तवर फळ्यावर कुणाचं नाव नाही.”

“पाठव,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि वरून काय आलं ते मला येऊन सांग.”

परत येताना हापशापाशी मी सवयीनं थांबले आणि लगेच पुढं निघाले. आत्याबाईंनी मला अडवलं.

“धू की पाय.”

मी पाय धुतले. त्या हापसा हलवत होत्या.

घरी पोचलो तर ओट्यावर दादा बसलेला. पहाटेच्या गाडीनं आला होता. टोपी हातात, मान खाली. त्याच्या शेजारी एक रिकामी पिशवी घडी घालून ठेवलेली, माझे कपडे न्यायला. मी पाया पडले, तर त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं थेट आत्याबाईंपुढं हात जोडले.

“आत्या, चुकलं असंल तिचं. वडील नाहीत, वळण लावायला मी कमी पडलो. तुमचं जे नुकसान झालं असंल ते मी भरून देतो. तिला पदरात घ्या, न्हाईतर मी घेऊन जातो. तुम्ही सांगाल तसं.”

आत्याबाई उभ्याच होत्या. जरीकाठाचं लुगडं, हातात रिकामी किटली. मला वाटलं, त्या म्हणतील, झालं गेलं विसरा पाव्हणं, बसा, चहा घ्या. मोठी माणसं असंच म्हणतात. चूक कुणाची, ते चहाबरोबर गिळून टाकतात. आणि सुनेवर आलेला आळ आयुष्यभर तसाच राहतो, कुणी न बोललेला आणि कुणी न पुसलेला. तेवढं झालं असतं तरी मी समाधान मानलं असतं.

पण आत्याबाईंनी किटली खाली ठेवली.

“यशवंतराव, वर बघा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बहिणीनं पाणी घातलेलं न्हाई. मी तिला चोर म्हटलं, ते खोटं होतं. तुम्हाला न्यायला बोलावलं, तेबी माझं चुकलं. हे मी तुमच्या तोंडावर सांगती, कारण आळ मी तुमच्या घरापर्यंत धाडला होता.”

दादा बघतच राहिला. सासूच्या तोंडून असं काही त्यानं आयुष्यात ऐकलं नसणार. मीही ऐकलं नव्हतं.

“अहो, असू दे आत्या,” तो गडबडून म्हणाला. “घर म्हटलं की संशय येतोच.”

“येतो. तिलाबी माझा आला होता.” आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. “व्हय का न्हाई गं?”

मी मान खाली घातली. “व्हय.”

“बघा. संशय दोघींचा सारखाच होता, यशवंतराव. तिनं गप बसून खरं काय ते शोधलं. मी निरोप धाडला. कारण मी सासू हाय, मला धाडता येतो. तिला माझ्या भावाला बोलावता आलं असतं का?”

आत्याबाई आत गेल्या, काल डेअरीला न गेलेल्या दुधाचं पातेलं चुलीवर चढवलं आणि पूर्ण दुधाचा चहा केला. मी डोळे पुसत ओट्यावर उभी होते. दादानं ती रिकामी पिशवी उचलली, आणखी एक घडी घातली आणि खिशात कोंबली.